हँडिकॅपचे शॉट चुकीच्या होलवर दाखवल्याबाबत तक्रार

दिनांक : ११ ऑगस्ट २०२५
पुणे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख,
(गोल्फ स्कोअरिंग ॲप)

विषय : दहाव्या टीवरून किंवा अन्य होलवरून खेळ सुरू केल्यास आपले ॲप स्ट्रोक इंडेक्स (शॉट कोणत्या होलवर आधी मिळतात ते ठरवणारा होलचा क्रमांक) बदलून टाकते, त्यामुळे झालेले नुकसान आणि आपण दिलेले असमाधानकारक उत्तर

महोदय / महोदया,

मी आपल्या ॲपची गेल्या तीन वर्षांपासूनची वर्गणीदार असून या वर्षाची २,४०० रुपयांची वर्गणी मी मार्च महिन्यात भरलेली आहे. जुलै महिन्यात दोन वेळा आपल्या ॲपने हँडिकॅपचे शॉट (कमी सराईत खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) चुकीच्या होलवर दाखवले. त्याबद्दल मी २२ जुलै रोजी ॲपमधूनच तक्रार नोंदवली आणि ३० जुलै रोजी मला असे उत्तर आले की, "आपल्याला मिळालेल्या शॉटची एकूण संख्या बरोबर आहे, त्यामुळे स्कोअरमध्ये चूक नाही." हे उत्तर वाचून मला मूळ चुकीपेक्षा जास्त वाईट वाटले, कारण शॉट किती मिळतात याइतकेच ते कोणत्या होलवर मिळतात यालाही महत्त्व आहे, ही गोष्ट गोल्फचा हिशेब ठेवण्याचे पैसे घेणाऱ्या कंपनीला ठाऊक नसावी, हे मला पटत नाही. म्हणून घडलेला प्रकार आकड्यांसह लिहीत आहे.

रविवार, ६ जुलै रोजी आमच्या क्लबच्या महिला मॅचप्ले (प्रत्येक होल स्वतंत्र जिंकण्या-हरण्याच्या) स्पर्धेत माझा उपान्त्य सामना होता. पावसामुळे पहिल्या होलजवळ पाणी साचले असल्याने समितीने आम्हाला दहाव्या टीवरून (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) सुरुवात करण्यास सांगितले. माझा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १७.८ आणि माझ्या प्रतिस्पर्धी मैत्रिणीचा ११.५ आहे. आम्ही खेळतो त्या टीचे स्लोप रेटिंग १२४, कोर्स रेटिंग ७१.२ (हे दोन्ही मैदानाच्या अवघडपणाचे आकडे) आणि पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७२ आहे. इंडेक्सला स्लोपने गुणून ११३ ने भागायचे आणि त्यात कोर्स रेटिंग व पार यांतील फरक मिळवायचा, या पद्धतीने माझा कोर्स हँडिकॅप (त्या मैदानापुरता हँडिकॅप) १९ आणि तिचा १२ येतो. एकेरी मॅचप्लेमध्ये हँडिकॅप शंभर टक्के धरला जात असल्याने मला दोघींतील फरकाचे सात शॉट मिळणार होते. इथपर्यंत आपल्या ॲपचा हिशेब अचूक होता, हे मी आवर्जून नमूद करते.

हे सात शॉट स्ट्रोक इंडेक्स १ ते ७ असलेल्या होलवर मिळतात. आमच्या स्कोअरकार्डावर ते होल २, ४, ७, ८, ११, १४ आणि १७ हे आहेत. हा इंडेक्स त्या त्या होलचा असतो, खेळण्याच्या क्रमाचा नसतो. खेळ कुठूनही सुरू केला तरी चौथा होल हा इंडेक्स १ चाच राहतो आणि चौदावा इंडेक्स २ चाच. आपल्या ॲपमध्ये मात्र "सुरुवात : होल १०" असे निवडताच दहाव्या होलला पहिल्याचा इंडेक्स लागला, अकराव्याला दुसऱ्याचा, आणि पुढे तसेच. परिणामी पडद्यावर शॉटचा ठिपका २, ५, ८, ११, १३, १६ आणि १७ या होलवर दिसू लागला. संख्या सातच होती, परंतु ४, ७ आणि १४ या होलवरचे माझे शॉट गेले आणि माझा हक्क नसलेले ५, १३ आणि १६ या होलवर आले.

चौदाव्या होलच्या टीवर माझ्या कॅडीने (गोल्फची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने) मला सांगितले, "मॅडम, इथे तुम्हाला शॉट आहे." हे कॅडी त्या मैदानावर माझ्याही आधीपासून आहेत. मी खिशातून फोन काढला, पडद्यावरची पावसाची थेंबं पुसली आणि ठिपका नाही असे पाहून त्यांना म्हणाले की, ॲपमध्ये नाही, म्हणजे नसेल. ते काही बोलले नाहीत. ओले झालेले छापील कार्ड माझ्या बॅगेच्या तळाशी होते आणि ते काढून पाहण्याची गरज मला वाटली नाही, कारण नेमक्या त्याच कामासाठी मी आपल्या ॲपवर विसंबून होते. त्या होलवर दोघींचे पाच-पाच फटके झाले. खरे तर माझा शॉट वजा करता तो होल मी जिंकला होता, परंतु आम्ही तो बरोबरीचा धरून पुढे निघालो.

बाकीच्या होलचे थोडक्यात सांगते. सातव्या होलवर दोघींचे सहा-सहा झाले, तोही माझा होता, पण बरोबरीत गेला. चौथ्यावर तिचे चार आणि माझे पाच झाले, तो बरोबरीचा असताना मी हरले असे नोंदले गेले. उलट, तेराव्यावर तिचे पाच आणि माझे सहा असताना ॲपच्या ठिपक्यामुळे बरोबरी धरली गेली, म्हणजे तिथे माझ्या मैत्रिणीवर अन्याय झाला. पाचव्या आणि सोळाव्या होलच्या निकालात शॉटने फरक पडला नाही. तीन होलचा तोटा आणि एकाचा फायदा, असा मला एकूण दोन होलचा फटका बसला. अठरा होलनंतर मी एका होलने हरले. हेच आकडे बरोबर इंडेक्सने मांडले तर मी एका होलने जिंकते. शॉट कुठे आहे हे माहीत असते तर दोघीही काही होलवर वेगळ्या खेळलो असतो हे मला मान्य आहे, परंतु तेही या चुकीचेच नुकसान आहे.

चूक दुसऱ्या दिवशी कार्ड पडताळताना आमच्या लक्षात आली, पण तोवर उशीर झाला होता. मॅचप्लेमध्ये कोणत्या होलवर शॉट द्यायचा-घ्यायचा हे जाणून घेण्याची जबाबदारी खेळाडूंची असते, आणि चुकून शॉट लावायचा राहिला व वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर दोघांनी मान्य केलेला निकाल कायम राहतो, असे गोल्फचे नियम सांगतात. नियम योग्यच आहे आणि समितीने तो लावला याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की, छापील कार्डावर बरोबर असलेली माहिती आपल्या ॲपने बदलून आमच्यासमोर ठेवली.

दुसरा प्रसंग २० जुलैच्या मासिक स्टेबलफर्ड (प्रत्येक होलवर पारच्या तुलनेत गुण देण्याच्या) स्पर्धेचा. ती शॉटगन पद्धतीने झाली, म्हणजे सर्व गट एकाच वेळी वेगवेगळ्या टीवरून निघाले, आणि आमचा गट तेराव्यावरून निघाला. स्टेबलफर्डमध्ये ९५ टक्के हँडिकॅप धरतात, त्यामुळे मला १८ शॉट, म्हणजे प्रत्येक होलवर एक, मिळाले आणि माझ्या गुणांत फरक पडला नाही. आमच्या गटातील एका नवीन सभासद मुलीला मात्र २७ शॉट होते, म्हणजे इंडेक्स १ ते ९ च्या होलवर प्रत्येकी दोन आणि उरलेल्यांवर एक. चौथ्या होलवर, जो पार चारचा आहे, तिने सहा केले आणि पार पाचच्या तेराव्यावर सात. दोन्हीकडे शॉट वजा करता तिचा पार (नेट पार) होऊन दोन-दोन गुण मिळायला हवे होते, परंतु ॲपने एकेकच शॉट धरून एकेक गुण दिला. तिचे ते दोन शॉट ॲपने पहिल्या आणि सोळाव्या होलवर नेले. तिथे तिचे आठ-आठ झाले होते आणि जादा शॉट धरूनही तिथे शून्यच गुण पडतात. स्टेबलफर्डमध्ये बिघडलेल्या होलवर पडलेला शॉट वाया जातो, हे यातून स्पष्ट व्हावे. ती ३३ गुणांवर थांबली, तिचे खरे गुण ३५ होते, आणि ३४ गुणांना तिसरे बक्षीस गेले. समितीने नंतर छापील कार्डांवरून निकाल दुरुस्त केला, कारण इथे शॉटचा हिशेब करण्याची जबाबदारी समितीची असते. पण आयुष्यातले पहिले बक्षीस त्या मुलीला टाळ्यांच्या वेळी मिळाले नाही, ते चार दिवसांनी कार्यालयातून घ्यावे लागले.

आपल्या उत्तरातील "एकूण संख्या बरोबर" हे विधान फक्त साध्या स्ट्रोकप्लेला लागू पडते, जिथे एकूण फटक्यांतून हँडिकॅप एकदम वजा होतो. तिथेही हँडिकॅपच्या नोंदीपुरते ते खरे नाही. प्रत्येक होलवर नोंदीसाठी धरायची कमाल मर्यादा पार अधिक दोन अधिक त्या होलवरचे शॉट अशी असते. २० जुलै रोजी चौथ्या होलवर माझे आठ झाले. नोंदीसाठी ९५ टक्के नव्हे, तर माझा पूर्ण कोर्स हँडिकॅप १९ धरला जात असल्याने इंडेक्स १ च्या त्या होलवर मला दोन शॉट आहेत आणि आठ ही माझी मर्यादा आहे. आपल्या ॲपने तिथे एकच शॉट धरून आठाचे सात केले. या एका फटक्याने त्या दिवसाचा स्कोअर डिफरेन्शियल (हँडिकॅप ठरवण्यासाठी त्या फेरीवरून काढलेला आकडा) ०.९ ने कमी लागला. वीस फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठांची सरासरी घेऊन हँडिकॅप इंडेक्स ठरत असल्याने, ती फेरी त्या आठांत असेपर्यंत माझा हँडिकॅप इंडेक्स खऱ्यापेक्षा कमी राहील, म्हणजे सवलत कमी धरली जाईल, आणि हा तोटा मला दिसणारही नाही.

स्ट्रोक इंडेक्स नुसत्या अवघडपणाच्या क्रमाने लावलेला नसतो, हेही आपल्या तंत्रज्ञांना सांगावे. विषम आकडे एका नऊ होलमध्ये आणि सम आकडे दुसऱ्यात ठेवतात, सर्वांत खालचे आकडे शक्यतो नऊ होलच्या टोकांना देत नाहीत. शॉट फेरीभर सारखे पसरावेत आणि सामना लवकर संपला तरी ते न वापरता राहू नयेत, असा त्यामागचा विचार आहे. १७.८ आणि ११.५ हँडिकॅप इंडेक्सच्या दोन बायका बरोबरीने खेळू शकतात, त्या या मांडणीच्या बळावर.

माझ्या मागण्या अशा आहेत. सुरुवातीचा होल बदलल्यावर इंडेक्स बदलण्याचा दोष तत्काळ काढावा. माझी २० जुलैची फेरी दुरुस्त करून हँडिकॅपच्या नोंदीत पुन्हा पाठवावी. ज्या ज्या वर्गणीदारांनी पहिल्या होलव्यतिरिक्त अन्य होलवरून सुरुवात निवडली आहे, त्या सर्वांना लेखी कळवावे, कारण त्यांतील बहुतेकांना आपली नोंद चुकली आहे हे ठाऊकही नसेल. ही मागणी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तसेच माझी या वर्षाची वर्गणी परत करावी आणि ३० जुलैचे उत्तर मागे घेत असल्याचे लेखी द्यावे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. माझ्या मैत्रिणीने तेराव्या होलबद्दलची आपली तक्रार याच पत्रासोबत जोडली आहे.

आपली,
एक वर्गणीदार

सोबत : दोन्ही दिवसांची छापील स्कोअरकार्डे, ॲपच्या पडद्याची छायाचित्रे, वर्गणीची पावती, ३० जुलैच्या उत्तराची प्रत, मैत्रिणीचे पत्र