मिरचीच्या पथारीवर एक सिनेमा दाखवा, मंत्रीमहोदय

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नंदुरबारच्या मिरची पथारीवर (मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जमिनीवर) स्मिता पाटील यांचा ‘मिर्च मसाला’ दाखवण्याबाबत.

मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार.

विषय वाचून हसू आलं असेल तर येऊ द्या. गावात मी ज्याला ज्याला हे सांगितलं, तो आधी हसलाच. एकानं तर विचारलं, “काका, पथारीवर बाया मिरची निवडतील का पिच्चर पाहतील?” म्हटलं, दिवसा निवडतील, रात्री पाहतील. त्यात काय एवढं?

मी सिनेमाचा ऑपरेटर. म्हणजे होतो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत तंबू टॉकीजच्या पेट्या उचलायला लागलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आणि शेवटची नोकरी केली ती टॉकीज बंद पडली तेव्हा मिशा पिकल्या होत्या. मधल्या काळात प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जाळून जाळून डोळे घालवले. त्यामुळे सिनेमावर बोलायचा माझा हक्क समीक्षकाचा नाही, हमालाचा आहे, असं समजून वाचा.

दर 17 ऑक्टोबरला आणि 13 डिसेंबरला आमच्याकडे स्मिताची आठवण निघते. जन्म 1955 चा, मृत्यू 1986 चा. वय फक्त एकतीस. बॅनरवर ‘खान्देशकन्या’ असं ठळक अक्षरांत येतं. फोटोला हार, नारळ, दोन भाषणं, चहा. गेल्या डिसेंबरात अशाच एका कार्यक्रमाला मी मागच्या खुर्चीवर होतो. शेजारी कॉलेजची दोन पोरं. त्यातल्या एकानं मोबाइलवरून मान न काढता दुसऱ्याला विचारलं, “ही म्हणजे त्या नट प्रतीकची आई ना?” दुसरा म्हणाला, “हो बहुतेक.” मला राग नाही आला. त्यांनी तिला पाहिली होती कुठं?

आणि खरं बोलायचं तर ‘खान्देशकन्या’ म्हणतानाही आपण जरा सांभाळून घेतलेलं बरं. तिचा जन्म पुण्याचा, शाळा पुण्याची. नाव झालं मुंबईत. खान्देश तिच्याकडे आला तो वडिलांच्या बाजूनं. शिवाजीराव गिरधर पाटील हे शिरपूरचे, स्वातंत्र्यसैनिक, पुढं राज्यात मंत्री. आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यातल्या. घरात राष्ट्र सेवा दलाचं वारं. मुलगी आमची म्हणायची तर तिचं काहीतरी आपल्या घरात असायला हवं, नुसती आडनावाची पाटी नको.

तिची कारकीर्द मी तुकड्यातुकड्यांनी पाहिली, आणि हे अलंकारानं म्हणत नाही. आमच्या केबिनमध्ये दोन मशीनं असत. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका उमटतो. तो दिसला की दुसरं मशीन तयार, दुसरा ठिपका आला की पहिलं बंद. त्यामुळे ऑपरेटरचा एक डोळा कायम त्या कोपऱ्यावर. नट कोण, नटी कोण, याच्याशी घेणंदेणं नाही. पण स्मिता पडद्यावर असली की ठिपका चुकायचा. दोनदा चुकला आणि पडदा पांढराफटक पडला, पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, मालकानं पगारातून कापले. सावळा चेहरा, त्यावर मेकअपचा थर नाही, डोळे असे की समोरच्या नटाचं बोलणं संपायच्या आधी ते उत्तर देऊन मोकळे. केबिनच्या भोकातून पाहतानाही वाटायचं, ही बाई आपल्याकडेच बघते आहे.

ती आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरूनच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. श्याम बेनेगलांनी तिला तिथंच पाहिली आणि 1975 च्या ‘चरणदास चोर’मध्ये घेतली. मग ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार, 1985 मध्ये पद्मश्री. दहा-अकरा वर्षांत ऐंशीच्या आसपास सिनेमे. नुसतं 1982 साल घ्या. ‘उंबरठा’मध्ये घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक झालेली सुलभा महाजन, ‘बाजार’मधली नजमा, ‘अर्थ’मधली ती दुसरी बाई, जिचा राग यायला हवा आणि येत नाही. आणि त्याच साली अमिताभबरोबर ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’. एका वर्षात एवढी माणसं एकाच अंगात कशी मावली असतील, देव जाणे.

आता आमच्याकडे यातलं काय आलं ते सांगतो, कारण माझ्या पत्राचं मूळ तिथं आहे. आमच्या टॉकीजला सिनेमाच्या पेट्या भुसावळच्या वितरकांकडून यायच्या. ‘नमक हलाल’ आला. पावसातल्या गाण्याला नाणी उडाली. पोरं तेवढ्या गाण्यापुरती तिकीट काढून येत आणि गाणं संपलं की बिडी प्यायला बाहेर. त्या गाण्यानं ती स्वतः अस्वस्थ होती, हे पुढं अमिताभ बच्चन यांनीच सांगितलं. मला तेव्हा हे कुठं माहीत? मी रीळ उलटं फिरवून पुढच्या शोची तयारी करत होतो. नंतर ‘आखिर क्यों’ आला, तेव्हा बायांची गर्दी झाली आणि डोअरकीपरला पहिल्यांदाच पदर डोळ्याला लावलेलं पब्लिक बाहेर सोडायला लागलं. पण ‘भूमिका’ नाही आला. ‘चक्र’ नाही, ‘मंडी’ नाही. मालक म्हणायचे, “असल्या पिच्चरला आपल्याकडं कुत्रं येणार नाही.” धंदा त्यांचा, त्यांना दोष देत नाही. एवढंच की आमच्या गावानं स्मिता पाटील अर्धीच पाहिली, आणि ती अर्धी तिला स्वतःला फारशी आवडलेली नव्हती.

‘मिर्च मसाला’ 1987 साली लागला, ती गेल्यानंतर. आमच्याकडे तोही आला नाही. यातला विनोद तुमच्या लक्षात यावा म्हणून थोडं गावाविषयी सांगतो. नंदुरबार म्हणजे मिरची. दिवाळीच्या सुमारास ओली लाल मिरची बाजार समितीत यायला लागते, व्यापारी ती घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर वाळत घालतात. त्याला आम्ही पथारी म्हणतो. नजर जाईल तिथवर जमीन लाल. त्यात शेकडो बाया वाकून बसलेल्या, तोंडाला फडकं, मिरची निवडायची, देठ खुडायचे. अवकाळी पाऊस आला की मालकाचं नुकसान पेपरात छापून येतं, बायांचा बुडालेला रोज छापून येत नाही. माझ्या मायनं बावीस हंगाम हे काम केलं. रात्री ती हात ताकात बुडवून बसायची. आम्हा भावंडांना तिनं हंगामात कधी तोंडावरून हात फिरवून जवळ घेतलं नाही. का, ते कळायला आम्हाला मोठं व्हावं लागलं.

तर हा सिनेमा मी मायबरोबर पाहिला तो फार पुढं, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, रात्री उशिरा. गोष्ट इंग्रजांच्या काळातली. वसुलीला आलेल्या सुभेदाराची नजर सोनबाईवर पडते, ती त्याच्या थोबाडीत मारून पळते आणि मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. बाहेर सुभेदाराची माणसं. गाव म्हणतं, एका बाईपायी सगळ्यांचा जीव कशाला, देऊन टाका. आत असलेल्या बायांपैकीही काही तेच म्हणतात. ही गोष्ट मला सगळ्यात खरी वाटली. शेवटी दार तुटतं, अबू मियाँ पडतो, आणि मघापर्यंत तिला बोल लावणाऱ्या त्याच बाया मिरचीची पूड भरभरून सुभेदाराच्या तोंडावर फेकतात. स्मिता हातात विळा घेऊन उभी. तिथं सिनेमा संपतो.

माय सिनेमाभर गप्प होती. सुभेदार, मारामारी, कशावर काही नाही. मध्येच एकदा म्हणाली, “इना हातले मिरची लागेल शे.” हिच्या हाताला मिरची लागलेली आहे. एवढंच. बावीस हंगाम मिरचीत घालवलेल्या बाईनं दिलेलं हे सर्टिफिकेट आहे, मंत्रीमहोदय. माझ्या मते ते राष्ट्रीय पुरस्काराच्या शेजारी ठेवायला हरकत नाही.

माय आता नाही. पथारी आहे. बायाही आहेत, नवापूर-धडगावकडून येणाऱ्या, पोरं पाठीला बांधून बसणाऱ्या. त्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही. मी गेल्या हंगामात विचारत फिरलो. एकीलाही माहीत नव्हतं की आपल्या कामावर कुणी सिनेमा काढला आहे आणि त्यात काम करणारीचं मूळ आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. हे गाव हुतात्मा शिरीषकुमारचं. 9 सप्टेंबर 1942 ला इथली पोरं बंदुकीसमोरून हटली नाहीत. सुभेदाराची गोष्ट इथं कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

मोबाइलवर सगळं मिळतं, असं आपले अधिकारी म्हणतील. मिळतं. पण मिरचीच्या हातानं मोबाइल धरवत नाही, आणि तो हात डोळ्याला लागला तर विचारायलाच नको. शिवाय त्या सिनेमाचा शेवट एकटीनं बघायचा नाहीच. शेजारी दुसरी बाई बसलेली पाहिजे.

मागणी छोटी आहे. ‘मिर्च मसाला’ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानं काढलेला, म्हणजे केंद्र सरकारच्याच घरचा. आपलं राज्याचं महामंडळ गोरेगावच्या चित्रनगरीत बसतं. या घरानं त्या घराला एक पत्र लिहावं, परवानगी आणि चांगली प्रत मिळवावी. जानेवारीत हंगाम भरात असतो, थंडी असते, पाऊस नसतो. एक प्रोजेक्टर, दोन स्पीकर, एक जनरेटर, दोन माणसं. सिनेमा हिंदीत आहे, ते बहुतेकींना समजतं. नाही समजलं तर तंबूत आम्ही करायचो तसं करू. तंबूत दाक्षिणात्य पिच्चर लागला की एक जण भोंग्यावरून गोष्ट सांगत राहायचा. इथं त्यांच्यातलीच एखादी बाई भिलोरीत सांगेल.

हे जमलं तर पुढं दूध सहकारावरचा ‘मंथन’ न्या शिरपूर-धुळ्याकडच्या दूधवाल्या गावांत. तो सिनेमा गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये घालून काढला आणि मग ट्रक भरभरून स्वतःच बघायला गेले. 2024 मध्ये नवी केलेली प्रत फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवली गेली. कान आम्हाला लांब पडतं. तिचाच ‘जैत रे जैत’ सातपुड्यातल्या पाड्यांवर न्या. मधमाश्यांशी वैर धरणारा नाग्या आणि त्याच्या पाठीशी उभी राहणारी चिंधी तिथल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त कळतील. आणि ‘उंबरठा’ मुलींच्या वसतिगृहांत. पण ते पुढचं. आधी पथारी.

एक विनंती जरा स्पष्टच करतो. पुतळा, सभागृहाला नाव, प्रवेशद्वार, असलं काही यातून काढू नका. उद्घाटनाची भाषणं ठेवू नका. बाया सकाळी सातला कामावर येतात. सत्कारात तास गेला तर सिनेमा अर्धा राहील, आणि आमच्याकडे स्मिता आधीच अर्धी राहिली आहे. तुम्ही आलात तर आनंदच आहे, मात्र खुर्ची मिळणार नाही. सगळे गोणपाटावर बसतील.

आणखी एक गोष्ट मनात येते. ते खातं तुमचं नाही, तरी लिहितो. स्मिता गेली ती बाळंतपणानंतर, मूल दोन आठवड्यांचं असताना. मुंबईत, एवढं नाव असताना. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडं अजूनही बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवतात. पथारीवरच्या बायांना सिनेमाआधी तिची ओळख करून द्यायची वेळ आली, तर मी पद्मश्री नाही सांगणार, हे सांगेन. त्यांना ती लगेच ओळखू येईल.

पडद्याची काळजी करू नका. टॉकीज मोडली तेव्हा भंगारवाल्याकडून मी तिथला पडदा सोडवून घेतला होता. वीस फूट रुंद आहे. एका कडेला उंदरांनी कुरतडला, तिथं बायकोनं ठिगळ लावलं आहे. परवाच धुऊन, वाळवून, घडी करून ठेवला. परवानगीचं पत्र आलं की बांबू रोवायला माझी दोन्ही पोरं येतात. मानधन नको. ठिपका यावेळी चुकणार नाही. आताच्या मशीनवर तो नसतोच.

आपला नम्र,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर,
नंदुरबार