बाबांच्या लॅपटॉपचं मी काय ठरवलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

लॅपटॉप फार मंद चालतो म्हणून परवा नव्याचा विषय निघाला, तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, "राहू दे, तुला जमेल तेव्हा बघ," आणि आईने लगेच विषय बदलला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. बाबा, तुम्ही स्वतःसाठी कधी काही मागत नाही. म्हणून फोनवर तोडून सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिते. नवा लॅपटॉप आत्ता घ्यायचा नाही असं मी ठरवलंय. आहे त्यातच एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्याहून खूप वेगवान साठवण) आणि जादा रॅम (चालू कामापुरती लागणारी तात्पुरती जागा) बसवायची. दोन्ही मागवलंसुद्धा.

प्रश्न पैशाचा नाही, हे आधी ऐका. मी नवा घ्यायच्याच तयारीने बसले होते, मॉडेलंही काढून ठेवली होती. पण मागे घरी आले होते तेव्हा तुम्ही "प्रोसेसर थकलाय" म्हणालात आणि मी टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी, उघडून पाहिला, आठवतं? डिस्कपुढे १०० टक्के आणि सीपीयूपुढे, म्हणजे प्रोसेसरपुढे, जेमतेम १२. प्रोसेसर बिचारा रिकामा बसून होता, हार्ड डिस्ककडून माहिती यायची वाट बघत.

तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-५ आहे, ८२५०यू. २०१७ साली इंटेलने या वर्गातल्या लॅपटॉपना दोनाऐवजी चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग, दिले, त्यातलाच हा. तुमचे हिशेब, मेल, आईचे फोटो, माझ्याशी व्हिडिओ कॉल, एवढ्याला तो आजही भरपूर आहे. अडतंय ते हार्ड डिस्कपाशी. आतली तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, आणि प्रत्येक बारीकशी फाइल शोधायला तिला दहा-वीस मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तेच काम एका मिलिसेकंदाच्याही आत होतं. त्यात तुमची रॅम ४ जीबी. ती भरली की उरलेलं सगळं त्याच संथ डिस्कवर लिहिलं जातं, म्हणून दोन-तीन खिडक्या उघडल्या की गोल चक्र फिरत बसतं. नुसता वेगवान प्रोसेसर हवा म्हटलं तरी तो बदलता येत नाही, बोर्डावरच पक्का बसवलेला असतो.

बाबा, गणित अडलं की तुम्ही उत्तर सांगायचा नाहीत. माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचात आणि म्हणायचात, "कुठल्या पायरीला अडलंय ते दाखव." मला अजून तशीच सवय आहे.

सातव्या पिढीचा असता तर मात्र मी विचारही न करता नवा घेतला असता. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. तुमचा त्यात बसतो.

आई, तू घाबरू नकोस, काही बदलणार नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्यावर करणार आहे. तुझे फोल्डर जागच्या जागी राहतील, मागचं चित्रही तेच, आणि कीबोर्डावर तू चिकटवलेली अक्षरंही तिथेच. नव्या लॅपटॉपवर हे सगळं तुला पहिल्यापासून शिकावं लागलं असतं. अक्षरं १५० टक्के मोठी करून देईन, म्हणजे चष्मा कपाळावर चढवून वाकायला नको. वाकण्यावरून आठवलं, बाबा, तुमच्या मानेसाठी स्टँड आणि वेगळा कीबोर्डही पाठवतेय. "कशाला खर्च" हे या वेळी ऐकणार नाही.

एवढं करूनही कंटाळवाणं वाटलं, तर नवा घेऊ. तुम्ही एकदा सांगायचं, मी वाद घालणार नाही. तेव्हाही एसएसडी वाया जाणार नाही, बाहेरून जोडायच्या डबीत घालून फोटो ठेवायला होईल.

तोवर एवढं कराच. लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही, खालून हवा कोंडते, तापतो आणि आणखी मंद होतो. हिशेबाचं फोल्डर आणि आत्याकडचे जुने फोटो आजच पेन ड्राइव्हवर घ्या, प्रत करण्याआधी दुसरीकडे असलेले बरे. तळ फुगल्यासारखा दिसला तर बॅटरी असेल. लगेच बंद करून चार्जर काढा आणि मला फोन करा. "तुमचा संगणक धोक्यात आहे" असं येऊन खाली नंबर दिसला, तर त्यावर फोन करायचा नाही, कितीही गोड बोलले तरी. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालायचं. हे दोघांनाही.

रागावला नाहीत ना, बाबा? नव्याची हौस असेल तर तसं सरळ सांगा, हौस हेही कारण मला पुरेसं आहे.

तुमची,
मनू

ता. क. पार्सल आधी आलं तर तसंच ठेवा. मी येईपर्यंत खालचं झाकण कोणी उघडायचं नाही. आई, बाबांवर लक्ष ठेव.