सर, तुम्ही आम्हाला पळू दिलं नाहीत त्याबद्दल

नमस्कार सर,

तुमच्या निरोप समारंभाला यायला जमलं नाही, शाळेत परीक्षा चालू होत्या, पण ग्रुपवर आलेला व्हिडिओ पूर्ण बघितला. शाल, श्रीफळ, मागे ट्रॉफ्यांचं टेबल, पहिल्या रांगेत काकू. सगळे छान बोलले आणि मनापासून बोलले. पण जो तो ट्रॉफ्यांबद्दलच बोलला, किती पोरं युनिव्हर्सिटीला गेली, किती नंबर आले, कितीजण पोलिसात लागले. ते सगळं खरंच आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण मला आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं उघडच लिहितेय, कारण तुमच्या हाताखाली पळालेल्या बऱ्याच जणांना हेच म्हणायचं असणार. सर, तुम्ही ज्या ज्या वेळी आम्हाला थांबवलंत, पळू दिलं नाहीत, त्या सगळ्या वेळांसाठी थॅंक्यू.

कॉलेजात स्पोर्ट्सचे सर असणं म्हणजे काय ते मी स्वतः शाळेत क्रीडाशिक्षिका झाल्यावर मला कळायला लागलं. कागदावर पद मोठं, शारीरिक शिक्षण संचालक, आणि हातात काय तर जिमखान्याची एक खोली, त्यात कॅरम, टेबल टेनिसचं टेबल आणि कपाटात गंजलेले गोळे. कबड्डी तुम्हीच बघायची, खो-खो तुम्हीच, बुद्धिबळाच्या पोरांचे एलिजिबिलिटी फॉर्म तुम्हीच भरायचे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची परेड तुमचीच, प्रवासाची बिलं पास होईपर्यंत पैसे पण तुमच्याच खिशातून. तुम्ही पटियाळ्याला जाऊन एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, अॅथलेटिक्सचा कोर्स केलेला माणूस, आणि दापोलीत येऊन बघता तर ४०० मीटरचा ट्रॅक आखायला सपाट जागाच नाही. आपल्याकडे डोंगर तरी नाहीतर कातळ तरी. मग तुम्ही २०० मीटरचा ट्रॅक आखलात, दर पावसाळ्यानंतर गवत काढून, खड्डे बुजवून, दोरी धरून चुन्याची फक्की मारायची, आणि ती फक्की तुम्ही कधी शिपायाला मारू दिली नाहीत. १ मीटर २२ सेंटीमीटरची लेन म्हणजे तेवढीच, बोटभर पण इकडेतिकडे चालायचं नाही. आम्हाला तेव्हा वाटायचं एवढं काय त्यात, मातीचाच तर ट्रॅक आहे!

आता समुद्राबद्दल लिहिते, कारण ही गोष्ट कुठल्याच भाषणात आली नाही आणि माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम तेच आहे.

आपल्या ग्राउंडखाली जांभा. वर चार बोटं लाल माती आणि खाली दगड, त्यावर रोज पळलं की नडग्या दुखणारच. म्हणून तुम्ही आम्हाला कर्दे-मुरुडच्या किनाऱ्यावर न्यायला लागलात, तिथली वाळू ओहोटीला अशी घट्ट बसते की गाडी चालवली तरी चाक रुतत नाही. पण ओहोटी रोज सकाळी सहाला थोडीच मिळणार. हर्णैचा एक मुलगा होता ना आपल्यात, ८०० पळायचा, त्याच्या आजोबांकडे तुम्ही जाऊन बसलात आणि त्यांच्याकडून भरतीचा हिशोब शिकून आलात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि तिथून सहा तास मोजले की ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे पाणी लांब गेलेलं, ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा, आणि अष्टमीच्या आसपास सकाळी सहाला भरतीचं पाणी वर आलेलं. मग तुम्ही आमचं सगळं ट्रेनिंगच तिथीवर बसवलंत. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, आठवड्यात बीच, लांब पळणं आणि स्ट्राइड्स, म्हणजे लांब ढांगा टाकत छोटे वेगवान टप्पे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, आठवड्यात ग्राउंड, पण तिथे कमी पळायचं, टेक्निक जास्त. नडगीला आपोआप एक आठवडा आड विश्रांती. कॅलेंडरवर तुमच्या हाताने लाल आणि निळे गोल काढलेले असायचे ते अजून डोळ्यासमोर आहेत. शिवाय किनारा उतरता असतो म्हणून जाताना जेवढं तेवढंच येताना पळायचं, नाहीतर एकच पाय सारखा खालच्या बाजूला पडतो आणि कंबर धरते. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही, तुमच्याकडूनच ऐकलं.

आणि हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. मुलींची ४०० मीटर हर्डल्स म्हणजे दहा हर्डल्स, स्टार्टपासून पहिली ४५ मीटरवर, मग प्रत्येकी ३५ मीटरचं अंतर, शेवटी ४० मीटर मोकळं. २०० च्या मातीच्या ट्रॅकवर हे मांडायचं कसं? तुम्ही ३५ मीटरला गाठ मारलेला नायलॉनचा दोर आणलात, जाळी विणायचा असतो तसला, आणि पीव्हीसी पाइपच्या हर्डल्स बनवून घेतल्यात, अडीच फूट उंचीच्या, पायाला लागली की आपटून पडणार पण गुडघा फोडणार नाही अशा. मी नेहमी उजवा पाय पुढे टाकायचे. त्यामुळे दमले की दोन हर्डल्समधली पावलं सतराची एकदम एकोणीस व्हायची, कारण अठरा केली तर डावा पाय पुढे येतो आणि डाव्याने मला हर्डल काढताच यायची नाही. एकोणीस म्हणजे वेग गेलाच. तुम्ही अख्खा पावसाळा मला कॉलेजच्या पोर्चमध्ये नुसतं डाव्या पायाने काढायला लावलंत, चालत, मग हळू जॉगिंग करत, बाहेर धो धो पाऊस आणि आत पाइपच्या दोन हर्डल्स. कधी ओरडला नाहीत. "पायाला कळायला वेळ लागतो, डोक्याला कळलंय तेवढं आत्ता पुरे," असं म्हणायचात.

सेकंड इयरच्या डिसेंबरबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मुंबईची इंटर-कॉलेजिएट स्पर्धा जवळ आली होती, कॉलेजला त्या वर्षी माझ्याकडून आशा होती. माझी उजवी नडगी दुखत होती पण सगळ्यांचीच दुखते म्हणून मी त्यात काही विशेष समजत नव्हते. तुम्ही लांबून माझं वॉर्मअप बघितलंत आणि हाक मारलीत. एका पायावर उड्या मारायला लावल्यात. मग मला पायरीवर बसवून नडगीवरून अंगठा वरून खाली दाबत नेलात, आणि एका जागी, पेराएवढ्या जागेत, मी किंचाळले. तुम्ही म्हणालात, दुखणं लांबवर पसरलेलं असतं तेव्हा ते स्नायूचं, एका टिंबावर असतं तेव्हा हाडाचं. एक्सरे काढला त्यात काही आलं नाही. बाकी कुणी असता तर तिथेच सोडून दिलं असतं. तुम्ही सांगितलंत की असलं फ्रॅक्चर सुरुवातीला एक्सरेत दिसतच नाही, आणि बाबांशी बोलून आम्हाला एमआरआयला चिपळूणला घेऊन गेलात. हाडात बारीक चीर होती.

मग जे झालं ते मला नंतर मैत्रिणींकडून कळलं. कुणीतरी तुम्हाला म्हणालं की पट्टी बांधून पळू दे, एकच रेस तर आहे, कॉलेजचे पॉइंट जातील. आणि तुम्ही म्हणालात, हिला अजून पन्नास वर्षं चालायचंय त्या पायावर. बस एवढंच. माझं नाव काढलंत आणि विषय संपवलात. त्या वर्षी ट्रॉफी आली नाही आणि त्याबद्दल तुम्हाला काय काय ऐकून घ्यायला लागलं ते तुम्ही मला कधी कळू दिलं नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. हाडाला चीर पडलीच का हे तुम्हाला शोधायचं होतं. तुम्ही मला घरी बोलावलंत, आणि तुम्ही बाहेर ओटीवर बसलात आणि काकूंनी आत मला विचारलं की पाळी वेळेवर येते का. येत नव्हती, काही महिने बंदच होती आणि मला ती कटकट गेली असंच वाटत होतं, पळणाऱ्या मुलींचं असंच असतं असं मोठ्या मुलींनीच सांगितलेलं. काकूंनी सांगितलं की खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडं कच्ची व्हायला लागतात. सकाळी चहा-खारी, दुपारी डबा, त्यात मार्गशीर्षातले गुरुवार, एवढ्यावर मी ४०० हर्डल्सचं ट्रेनिंग करत होते. तुम्ही उपास सोड असं म्हणाला नाहीत. उपासाच्या दिवशी नुसतं स्ट्रेचिंग एवढंच ठरवून टाकलंत, सगळ्याच मुलींसाठी. आणि काकूंनी माझ्या आईशी बोलून खाणं लावून दिलं, सकाळी नाचणीची आंबील, ग्राउंडनंतर गूळ-शेंगदाणे, जेवणात कुळथाची पिठी नाहीतर सुकट, काहीही बाहेरून विकत आणायचं नाही, घरात असतं तेच पण पोटभर. तेव्हापासून तुमच्या वहीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे एक बारीक खूण यायला लागली, ती काकू करायच्या. कोकणातल्या एका लहान गावात पुरुष कोचने हा विषय इतक्या नीट, कुणालाही अवघडून न टाकता सोडवला, याचं मोल आज मी मुलींना शिकवते तेव्हा मला जास्त कळतं.

नंतर सायकल, भांगाच्या शांत दिवसात कमरेएवढ्या पाण्यात चालणं, मग वाळूवर जॉगिंग. पुढच्या वर्षी मुंबईला गेलो, खेडहून रात्रीच्या गाडीने, जनरलच्या डब्यात, तुम्ही आम्हाला बसायला जागा करून देऊन स्वतः दाराजवळ उभे, आणि सकाळी आमच्याआधी जाऊन हीट्सची, म्हणजे पहिल्या फेरीच्या रेसची, लिस्ट बघून आलेले. मी फायनलला गेले, पाचवी आले. तुमच्या हातात कागद होता, प्रत्येक हर्डलचा टाइम लिहिलेला, आणि तुम्ही इतके खूश होतात, "आठव्याला डावा टाकलास, बघितलंस का, अठरा पावलं, डावा!" आसपासच्या कॉलेजवाल्यांना कळेना की पाचवी आलेल्या पोरीचा एवढा आनंद कसला.

तुम्ही आम्हाला उषाचे कोच नांबियार सर यांच्याबद्दल सांगायचात. पी. टी. उषाला त्यांनी पय्योलीच्या वाळूत पळवलं, आणि १९८४ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकला ४०० हर्डल्समध्ये तिचं ब्राँझ एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं, ५५.४२. १९८५ ला पहिल्यांदा द्रोणाचार्य पुरस्कार दिले गेले त्यात ते होते, पद्मश्री मात्र २०२१ ला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. २०१६ ला साताऱ्याची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या लांब रेसच्या, फायनलला गेली तेव्हा तुम्ही जिमखान्यात सगळ्यांना पेढे वाटलेत आणि म्हणालात, उषानंतर बत्तीस वर्षांनी आपली बाई ट्रॅकच्या फायनलला उभी राहिली, आता तिच्या कोचचं नाव पण शोधून पाठ करा. कोचचं नाव कुणी घेत नाही याचं वाईट तुम्हाला दुसऱ्या कोचसाठी वाटायचं, स्वतःसाठी कधीच नाही. म्हणून आज मी हे लिहितेय.

आणि ती पोलीस भरतीची पोरं! कॉलेजची पण नव्हती. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, दोघांना १०० आणि गोळा, सगळे मिळून ५० मार्क, एवढं ऐकून जाहिरात आली की गावागावातून यायची आणि डांबरी रस्त्यावर पळत सुटायची. तुम्ही कुणाकडून एक रुपया घेतला नाहीत. फक्त सुरुवातीचे काही आठवडे स्टॉपवॉच बाहेर काढायचंच नाही, आधी चालणं-पळणं मिसळून करायचं, ही तुमची अट. कितीतरी जण वैतागून निघून जायचे. जे राहिले ते भरतीच्या दिवशी धड पायाने मैदानावर उभे राहिले. आमच्या वाडीतली एकजण आज ड्युटीवर आहे आणि अजूनही सकाळी पळते.

मी पण पळते सर, शाळा सुटल्यावर मुलांबरोबर. माझ्या बरोबरीच्या, दुसरीकडे ट्रेनिंग केलेल्या किती मुलींचे गुडघे, घोटे गेले, खेळ तर कधीच सुटला. आपल्या ग्रुपमध्ये बघा, बहुतेक सगळे अजून काही ना काही खेळतायत. भाषणात हा आकडा कुणी सांगितला नाही.

आता एक मागणं आहे. तुमच्या त्या वह्या, तिथी आणि ट्रेनिंग लिहिलेल्या, प्रत्येकाच्या नडगीची आणि वजनाची नोंद असलेल्या, त्या घर आवरताना रद्दीत देऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत मी येते, झेरॉक्स काढून घेते आणि वह्या जशाच्या तशा परत आणून देते. शाळेत तेरा-चौदा वर्षांच्या मुली आहेत माझ्याकडे, त्यांच्यासाठी लागणारेत. आणि काकूंकडे पण थोडा वेळ बसायचंय, मुलींच्या आयांशी हे सगळं बोलायचं कसं ते विचारायचंय.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
४०० हर्डल्सवाली