नामांतराच्या कॅसेटी वाचवा

संपादक महोदय,

यंदाही १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर गेलो होतो. पोरं मोठ्या स्पीकरवर भीमरॅप वाजवत होती आणि शेजारी उभे असलेले माझ्याच वयाचे एक गृहस्थ ‘आता गाणं राहिलंच नाही’ म्हणून हळहळत होते. मला ते पटलं नाही. ऐंशीच्या दशकात आमच्या वस्तीत टेपरेकॉर्डर आला, तेव्हा एकतारीवर भजन म्हणणारी म्हातारी माणसं आमच्याबद्दल हेच बोलायची.

माझी हळहळ वेगळी आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला, त्या रागात मराठवाड्यात गावोगावी दलितांची घरं जाळली गेली, आणि जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडून नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ती साडेपंधरा वर्षं आमच्या गायन पार्ट्या रात्र रात्र नामांतर गात होत्या. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे आज मोबाइलवर सापडतात. पण ढोलकी, पेटी, बेंजो घेऊन एसटीने येणारे, तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नसलेले गायक? गावात काय घडलं ते चहा पिताना विचारायचे, संध्याकाळी गाणं जुळवायचे, रात्री म्हणायचे. ती गाणी कुठल्या चोपडीत छापली गेली नाहीत. आम्ही पोरांनी स्टेजखाली बसून भरलेल्या कॅसेटींतच ती आहेत.

माझ्याकडे अशा १९ कॅसेटी आहेत. दिवाळीत ट्रंक उघडली, तर फितींवर पांढरी बुरशी. तीनच वाजल्या. त्यातली एक सेल उतरलेले असताना भरलेली. आता लाइटवर लावली की गाणं भरभर पळतं, खर्जातला गायक लहान पोरासारखा ऐकू येतो. तरी आमच्या पाणवठ्याच्या भांडणाचं कडवं नीट कळतं. अकरावीतल्या भाच्याने त्याच कडव्यावर मोबाइलवर रॅप केला. मी तो चार वेळा ऐकला. डोळे भरून आले.

ज्या विद्यापीठाच्या नावासाठी ही गाणी झाली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने ती गोळा करावीत. फिती उतरवून घ्यायला एक यंत्र आणि गायकाचं नाव, गाव, साल लिहून घेणारा एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होईल. तेव्हाचे गायक आता सत्तरीपुढचे आहेत. ते गेल्यावर आवाज कुणाचा हे कोण ओळखणार? घाई करा. तारीख कळवली, की माझ्या कॅसेटी धडप्यात बांधून पहिल्या एसटीने घेऊन येतो.

– एक निवृत्त शिक्षक, पाथरी (जि. परभणी)