फॅट दोन मिनिटांत कळतं, मग जंतू का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पारोळ्याकडे नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. बासुंदी सकाळीच करून स्टीलच्या पिंपात भरून मांडवात ठेवलेली, बाहेर ऊन कसलं ते आपल्या खान्देशात सांगायला नको, आणि पंगत बसली संध्याकाळी. मी स्वतः दोन वाट्या खाल्ली, ना वास ना आंबटपणा. पहाटेपर्यंत निम्मं वऱ्हाड उलट्या-जुलाबाने आडवं, माझ्या भाचीला सलाईन लावलं. सॅम्पल नेलं त्याचा रिपोर्ट आला तेव्हा भाची बरी होऊन घरी खेळत होती. अन्नसुरक्षा कायद्यातच तपासणीला 14 दिवस दिलेत आणि इकडे काही जंतू उकाड्यात दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात, म्हणजे 7 तासांत एकाचे वीस लाख!

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय. ऑप्टिकल बायोसेन्सर म्हणून प्रकार आहे, काचेवर सोन्याचा अगदी पातळ थर, त्यावर ठरावीक जंतूलाच पकडणाऱ्या अँटिबॉडी चिकटवलेल्या, खालून लाईट सोडायचा, जंतू येऊन बसला की परत येणाऱ्या लाईटचा कोन किंचित सरकतो आणि मशीन तो पकडतं. जंतू भरपूर असले तर तासाभरात कळतं, नेहमीच्या पद्धतीने साल्मोनेला (उलट्या-जुलाब करणारा एक जंतू) लॅबमध्ये वाढवून बघायला चार-पाच दिवस जातात. अडचणी आहेतच, दुधातलं फॅट आणि प्रोटीन त्या थराला चिकटून गोंधळ करतात आणि नियम असा की 25 ग्रॅममध्ये साल्मोनेला एकही नको, तेवढा थोडा असेल तर आधी काही तास वाढवावाच लागतो. म्हणून लॅबचा रिपोर्ट लागणारच, पण संशय तरी त्याच दिवशी कळेल ना.

आमच्या गावच्या डेअरीवर फॅट दोन मिनिटांत मोजतात कारण त्यावर पैसे ठरतात, जंतूंचं मात्र कोणी विचारत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत असं मशीन ठेवलेली एकेक गाडी तरी लग्नसराईत फिरवा, खवा-पनीरवाल्यांकडे, मंगल कार्यालयांच्या भटारखान्यात आधीच जाऊ द्या. पुढच्या आखाजीच्या आत सुरू करा एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, अमळनेर