कंप्लायंट कशाशी गं?

डिचोली, रविवार सकाळ

प्रिय बाय,

साहेबानं लिहिलेल्या तुझ्या ऑफिसच्या रिव्ह्यूचा फोटो चष्मा लावून तीनदा झूम करून बघितला. शी इज विलिंग, अमेनेबल अँड कंप्लायंट. बास, पुढे फुलस्टॉप. आणि खाली तुझा मेसेज, आई ही स्तुती की शिवी? काल फोनवर मी स्तुतीच गं म्हणून मोकळी झाले खरी, पण रात्रभर ते तीन शब्द डोक्यात फिरत राहिले, म्हणून आता लिहायला बसलेय, लांब होईल, बसमध्ये वाच.

आधी आपलंच बघ. शेजारीण म्हणायची ना, तुमची बाय ऐकते हो, आमचा काही ऐकत नाही. तिचा मुलगा काही बहिरा नव्हता, आपल्याकडे ऐकणं म्हणजे सांगितलेलं करणं. मला वाटायचं ही आपलीच गंमत, पण ओबीडियंट हा शब्द लॅटिनमधून आलाय आणि त्याच्या पोटातही ऐकणंच आहे, ज्या धातूवरून ऑडिओ आला तोच. तुझे आजोबा पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव शिकलेले, ते एखाद्या गरीब स्वभावाच्या पोराला ओबेदिएन्ते म्हणायचे, तो पण तिथलाच. तर ओबीडियंट माणूस समोर कोणीतरी मोठं असल्याशिवाय होत नाही, आईबाप, मास्तर, साहेब. रजेच्या अर्जाखाली आम्ही युवर्स ओबीडियंटली लिहायचो, खाली सही करायची आणि बेंचवर जाऊन त्याच मास्तरांची नक्कल. तुझ्या साहेबानं हा शब्द घातला नाही हे बरं झालं, नोकरी करणाऱ्या बाईला ओबीडियंट म्हणणं म्हणजे तिला परत चौथीत बसवणं.

विलिंग मात्र समोरच्या माणसाकडे बघत नाही, कामाकडे बघतो. विलिंग टू वर्क ऑन सॅटर्डे. म्हणजे सांगाल तर येईन, नाही म्हणणार नाही, पण शनिवारची वाट बघत बसलेय असं नाही. वाट बघत असली असती तर ईगर म्हटलं असतं. आपण राजीखुशीनं म्हणतो ना, दोन शब्द लागतात कारण राजी वेगळं आणि खुशी वेगळी. विलिंगमध्ये राजी नक्की, खुशी असेल नसेल. माझ्या लग्नाचं विचारलं तेव्हा मी विलिंग होते, ईगर झाले ते नंतर (हे बाबांना वाचून दाखवू नको).

अमेनेबल मला सगळ्यात आवडतो आणि त्याचाच सगळ्यात गैरवापर होतो. अमेनेबल टू रीझन, अमेनेबल टू सजेशन, म्हणजे पटवून दिलं तर मानणारा, आधी स्वतःचं मत असलेला. मत नसेल तर पटवणार काय कपाळ. फ्रेंचमधल्या घेऊन जाणे या क्रियापदावरून आलाय, आणि त्याच्याही मागे गेलं तर लॅटिनमध्ये गुरं हाकणे, ओरडून धमकावून. म्हणजे शब्द गोठ्यातून निघून ऑफिसात पोचला आणि वाटेत सभ्य झाला. पण काही साहेब लोकांच्या तोंडी तो अजून गोठ्यातलाच असतो, अमेनेबल म्हणतात आणि मनात हैड हैड चालू असतं. डोसाइलचं बरोब्बर उलटं झालं, मुळात शिकवता येण्यासारखा असा चांगला अर्थ, आणि आता आपली गरीब गाय. कोणी तुला डोसाइल लिहिलं तर मला लगेच फोन कर.

आता कंप्लायंट. हा माझ्या औषधांच्या धंद्यातला शब्द, यावर मी जास्त बोलणार, ऐकून घे. कंप्लायंट नियमाशी असतो, फॉर्मशी, स्टॅंडर्डशी, म्हणून त्याच्यापुढे विथ लागतो. मशीन कंप्लायंट असतं, लेबल कंप्लायंट असतं. मनातून पटलंय की नाही हे तो शब्द विचारतच नाही. आम्हाला फार्मसीला पेशंट कंप्लायन्स शिकवलं होतं, गोळ्या वेळेवर घेतो तो चांगला पेशंट, नाही घेत तो नॉन-कंप्लायंट. पुढे डॉक्टर लोकांनाच तो शब्द टोचायला लागला, कारण त्यात पेशंटनं नुसती मान हलवायची, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 च्या अहवालात ॲडहिअरन्स धरला, फरक एवढाच की त्यात पेशंटची संमती लागते, उपचार दोघांनी मिळून ठरवायचा. काउंटरवर मला हे रोज दिसतं. एक आजी बीपीची गोळी मुकाट नेतात आणि डब्यात ठेवून देतात. दुसऱ्या आजी अर्धा तास हुज्जत घालतात, ही कशाला, ती कशाला, लघवीला जावं लागतं, मग वेळ बदलून दिली की महिनाभर एक चुकवत नाहीत. कंप्लायंट दिसतात पहिल्या, काम होतं दुसऱ्यांचं.

आणि माझं स्वतःचं तुला कधी सांगितलं नव्हतं. आपलं दुकान घालण्याआधी मी जिथे नोकरी करत होते तिथे मालक म्हणायचा, ओळखीचं गिऱ्हाईक आहे, दे ना ॲंटिबायोटिक, प्रिस्क्रिप्शन कसलं मागतेस. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वनची, म्हणजे कडक नियमांच्या यादीतली औषधं (त्यात काही ॲंटिबायोटिकही आली) वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागतात, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. प्रिस्क्रिप्शनच नाही तर डॉक्टरच्या रकान्यात मी काय लिहू, मालकाचं नाव? मी दिलं नाही. एकदा नाही, चार-पाचदा. वर्षाअखेरीस त्यानं मला ऐकवलं, बाई कामाला चांगली पण को-ऑपरेटिव्ह नाही. तेव्हा रडले होते गं. घरी येऊन बाबांशी पण बोलले नाही. खूप नंतर डोक्यात उजेड पडला की मी कंप्लायंटच होते, फक्त रजिस्टरशी होते, त्याच्याशी नव्हते. एकाच दिवशी एकच बाई दोन्ही असू शकते, पुढे विथ काय लावता त्यावर.

अजून एक शब्द सांगून थांबते कारण चहा उतू जाईल. अक्विएसंट. ह्याच्यात क्वाएट लपलाय. पटलं नाही, पण गप्प राहिला. आपल्या गोव्याचा 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल तू शाळेत शिकलीस, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं आणि दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. आजोबा फुलवाले. 34,021 मतांनी दोन पानं आली. आजी सांगायची, त्या दिवशी ते जेवले, आंगणात खुर्ची टाकून बसले, आणि पुढे जन्मभर त्या विषयावर ना भांडले ना कधी बरं झालं म्हणाले. विलिंग नाही, ओबीडियंट तर त्यांना ब्रह्मदेव करू शकला नसता. हेच ते अक्विएसंट, मराठीत मला एका शब्दात सापडत नाही.

तर तुझ्या साहेबानं तिन्ही शब्द लिहिले आणि तिन्हींच्या पुढचं खाऊन टाकलं. विलिंग टू काय, अमेनेबल टू काय, कंप्लायंट विथ काय. क्लायंटच्या नियमांशी असेल तर छान, पगारवाढीला वापर. त्याच्या रात्री अकराच्या मेसेजशी असेल तर वेगळी गोष्ट. मेलवर विचारू नको, लेखी विचारलं की भांडण वाटतं, चहाच्या वेळी हसत विचार, सर ते कंप्लायंट नक्की कशाबद्दल लिहिलंत, म्हणजे तेच पुढे पण चांगलं करीन. तो काय म्हणतो ते जसंच्या तसं मला कळव, त्याचे शब्द, तुझा अर्थ नको.

कोकमाची सोलं संपली असतील तर सांग, येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवते.

तुझी
आई

ता. क. आत्ताच बाबांना म्हटलं बाजारात नुस्त्याला, मासळीला जाऊन या, ऊन व्हायच्या आत. पेपर घडी करून ठेवला, पिशवी घेतली, एक शब्द न बोलता गेले. कुठला शब्द लावायचा तो तूच लाव.