पावणेचार इंच : केपेंच्या मेकॅनिक मेस्तांना आभाराचं पत्र

आदरणीय मेस्त,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ते माहीत आहे. तुमची नात वाचून दाखवील. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि मी आणलेली केळीही अर्धी परत पाठवलीत. निदान आभार तरी परत पाठवता येऊ नयेत.

मामाची १९७२ ची ट्रायंफ स्पिटफायर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मार्क फोर म्हणजे चौथी आवृत्ती, आमच्या फोंड्याच्या घरी १८ वर्षं ताडपत्रीखाली होती. इंजिन सुरू झालं त्या दिवशी आईने गाडीला हळद-कुंकू लावलं. चहाच्या गाड्यावर थांबलो की कुणीतरी म्हणतोच, ‘पोर्तुगिजांच्या काळातली दिसते!’ पोर्तुगीज गेले १९६१ च्या डिसेंबरात आणि या जातीची पहिली गाडी जगाने पाहिली ती १९६२ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या मोटार प्रदर्शनात. पण चहा थंड होतो, म्हणून मी आता वाद घालत नाही.

टायर मात्र पार गेले होते, रिम गंजल्या होत्या. मी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने १४ इंची अलॉय चाकं दाखवली, वर १७५/६५ चे टायर, म्हणजे रुंदी १७५ मिलीमीटर आणि गालाची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. दिसायला झकास. नटांची भोकं आमच्या गाडीसारखी चारच, त्यामुळे मीही मान डोलावली. बसवताना थोडी ओढाताण झाली. ‘चार-पाच मिलीमीटरचा फरक आहे, आवळलं की बसतं,’ तो म्हणाला. बसलंही. बोरीच्या पुलावर साठच्या पुढे काटा गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. फर्मागुढीला वळण घेताना पुढचं चाक आत कुठेतरी घासलं. मी ते ‘सेट’ व्हायची वाट पाहत दोन आठवडे फिरलो. आता हे लिहितानाही लाज वाटते.

तुमच्या अंगणात गाडी लावली तेव्हा वाटलं होतं, सगळ्यांसारखं आधी बॉनेट उघडायला सांगाल. स्पिटफायरचं अख्खं तोंडच पुढे कलतं, लोकांना त्याचीच मौज. तुम्ही चाकापाशी उकिडवे बसलात, नटावरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, ‘कोणें बसयलीं हीं?’

मग जुनी गंजकी रिम मागवलीत, व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, माझ्या हातात दिलात आणि मलाच मोजायला लावलंत. समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर. ९५ मिलीमीटर आणि वर थोडं. तुम्ही न बघताच म्हणालात, ‘पावणेचार इंच.’ अलॉयचं भरलं १००. मग एकेक नट सोडवून दाखवलात. नटाचं शंकूसारखं तोंड रिमच्या खळग्यात सगळीकडून टेकायला हवं, ते एका कडेलाच टेकलं होतं, तिथला धातू चकाकत होता. म्हणजे चाक चार नटांवर नव्हे, चार ओरखड्यांवर उभं होतं. पुलावरची थरथर आठवून पोटात गोळा आला.

तुम्ही रागावला नाहीत. मद्रासला १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्ड मोटारींवर हात काळे केलेला माणूस तुम्ही. ‘ही हेराल्डाची धाकटी भयण,’ म्हणालात. चासीची जात तीच, चाकाच्या भोकांचं माप तेच, आणि जागच्या जागी वळायची खोडही तीच. चाकं इतकी तिरकी होतात म्हणूनच रुंद टायर आत घासतो. पटलं नाही म्हणून मी वाद घातला, तेव्हा तुम्ही घरातून कणीक मागवलीत. कणकेचे गोळे मडगार्डच्या आत आणि चासीच्या कडेला चिकटवले, मला आणि शेजारच्या दोघा मुलांना गाडीवर बसवलंत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलंत. उतरून पाहिलं, तर चासीकडचा गोळा पोळीसारखा चपटा. काकी ओरडल्या ते वेगळंच.

मागच्या चाकांचं तुम्ही हातांनी दाखवलंत, ते मला कुठल्याच चित्रात कळलं नव्हतं. कोपरं अंगाला, तळवे बाहेर. गाडीचं अंग उचललं की चाकांचे तळ आत ओढले जातात. मार्क फोरला कंपनीने मागची आडवी स्प्रिंग डोलती केली, त्याने ही तळ आत ओढायची खोड कमी झाली, गेली नाही. अशा चाकाला रुंद, सपाट तळव्याचा टायर दिला की तो वळणावर कडेवर उभा राहतो. उंच गालाचा अरुंद टायर ते सोसून घेतो. शिवाय आमचा पाऊस. ‘पाणी कापपाक बारीक सुरी बरी.’

मग प्रश्न राहिला, असा टायर मिळणार कुठे. मी इंग्लंडहून मागवायची भाषा केली. तुम्ही हसलात. मूळ माप १४५ आणि १३ इंच, त्या काळच्या टायरचा गाल सुमारे ८० टक्क्यांचा. म्हणजे १४५/८० आर १३, आणि तो तर २०१० सालच्या वॅगन-आरचा टायर! बाहेरचा व्यास ५६२ मिलीमीटर. अलॉयवाल्या जोडीचा निघाला ५८३. म्हणजे मामाचा स्पीडोमीटर दोन आठवडे माझ्याशी खोटं बोलत होता, आणि तेही कमी सांगून. ब्रिटिश स्पोर्ट्स कारला वॅगन-आरचे बूट, हे ऐकून माझा थोडा मुखभंग झाला, कबूल करतो.

टायर घ्यायला तुम्ही स्वतः आलात. दुकानदाराने पुढे केलेल्या पहिल्या दोन टायरांवरचे शेवटचे चार आकडे वाचलेत, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, आणि ‘हे आमच्या हवेत गोदामातच म्हातारे झाले’ म्हणून परत केलेत. जुन्या रिमा घासून रंगवून घेतल्या. त्यांच्या आतल्या कडेवर बोट फिरवून, टायरची कड अडवणारा उंचवटा नाही हे दाखवलंत आणि ट्यूब घालायला लावलीत. स्टेपनीसाठी तुमच्या माळ्यावरची हेराल्डची रिम दिलीत. ती अर्धा-एक इंच अरुंद आहे, पण घरी पोहोचवील.

आता पेट्रोल पंपावर पोरगा न विचारता चाकांत ३५ पौंड हवा भरायला लागतो. मी उतरून उभा राहतो : पुढे २१, मागे २६. तो माझ्याकडे जसा बघतो, तसाच बहुधा मी तुमच्याकडे पहिल्या दिवशी बघत होतो. जेमतेम पावणेआठशे किलोची गाडी, तिला ३५ कशाला?

परवा बोरीच्या पुलावरून ऐंशीने गेलो. स्टिअरिंग गप्प होतं.

अलॉय अजून पडवीत आहेत. दुकानदार परत घेत नाही, आणि दुसऱ्या कुणाला विकायचा धीर मला होत नाही. आईने एकात मोगऱ्याची कुंडी ठेवली आहे.

तुमचा व्हर्नियर माझ्याकडेच राहिला. चवथीआधीच्या रविवारी घेऊन येतो, गाडीनेच. काकींना सांगा, कणीकही आणतो.

तुमचा,
फोंड्याचा स्पिटफायरवाला